सुधीरनं कापलं नाही

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिकवायला शाळेला निघाले होते. अळनावरजवळ शूटिंगला गेला होता, तिथंच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... माझा धाकटा भाऊ. आमच्या धारवाडच्या घरी माणसं भेटायला येऊ लागली आणि दुसऱ्याच दिवसापासून एक वाक्य कानावर पडायला लागलं, "पोरगं हुशार होतं हो, पण वाया गेलं." त्या वाक्यासाठीच मी हे लिहायला बसलेय. मला ते मान्य नाही.

धारवाडजवळच्याच बेलूरच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एके दुपारी पानावरच त्यानं सांगून टाकलं, राजीनामा दिलाय, आता सिनेमा करणार. आमचे अप्पा वकील, उलटतपासणी हाडीमाशी खिळलेली. "पोट कशावर भरणार?"

"भाकरीवरच की, अप्पा," असं म्हणून यानं ताटातली भाकरी मोडली.

अप्पा जेवण टाकून उठले, कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. सुधीरनं मात्र कुणापुढं नाक घासलं नाही. आठवड्यातले थोडे दिवस गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपांत मशिनं दुरुस्त करायची, उरलेले दिवस कॅमेरा घेऊन खेडी हिंडायची. लोक म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. म्हणू देत.

त्याचा एकच मोठा सिनेमा पुरा झाला, अळनावरकडच्या गंगव्वाचा. तिचा नवरा लाकडाच्या अड्ड्यावर ओंडक्याखाली सापडून गेला होता. तांदूळ निवडत ती त्या सकाळचं सांगते आणि मध्येच गप्प होते. बराच वेळ नुसते तिचे हात हलत राहतात, मग ती पुढं बोलते. पुण्या-मुंबईच्या जाणकारांनी एकच सांगितलं, एवढी शांतता कापा, मग बघू. हा ऐकतोय कुठला! त्याची रीत अशी, की ज्यांचा सिनेमा त्यांना आधी दाखवायचा, आणि त्यांनी काप म्हटलं तरच कापायचं. गंगव्वाच्या अंगणात पांढरं धोतर ताणून बांधलं, मीही गेले होते. ती जागा आली. पडद्यावर गंगव्वा गप्प, आणि मागं पोरं कुजबुजायला लागली. तशी एक म्हातारी त्यांच्यावर डाफरली, "गप बसा रे, ती बोलायलीय." सुधीरनं माझ्याकडं नुसतं बघितलं. कापायचा विषय तिथंच संपला. सिनेमा कुठल्याच थेटरात लागला नाही.

तेराव्यानंतर मधू, आमचा चुलतभाऊ, कुणाचातरी निरोप घेऊन आला. सिनेमा अर्ध्यावर आणला, ती शांतता काढली, तर दाखवायला तयार आहेत म्हणे. "अक्का, निदान नाव तरी होईल की बिचाऱ्याचं." त्या 'बिचाऱ्या'नं माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बस इथं, आणि आधी पुरा बघ.

त्या शांततेत नीट कान दिला तर कॅमेऱ्यामागून कुणीतरी घसा खाकरतं. मग हलक्या आवाजात, "सावकाश, अव्वा. अवसर इल्ल." काही घाई नाही म्हणतोय... सुधीरचा आवाज. अख्ख्या सिनेमात तो एवढाच आहे.

सिनेमा संपला तशी मी मधूकडं वळले. मी म्हटलं, "आता सांग, कुठून कापू?"