डायरेक्ट केलेलं लॉक

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, देवापुढंही नाही — देवळात गेलो तर घाईघाईनं हात जोडून बाहेर येतो, न जाणो तिथंच तोंडून निघून जायचं. तुमच्यापुढं बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी मशिनी बघतो. पोकलेन, लोडर, रोलर — बारामती-इंदापूरकडं कुठंही मोठं मशीन रुसलं की मला फोन येतो. हल्लीच्या मशिनी आपलं दुखणं स्वतःच सांगतात. स्क्रीनवर कोड येतो, मी लॅपटॉप जोडतो, कोडचा अर्थ लावतो. लोक चेष्टेनं डॉक्टर म्हणतात. पण लॅपटॉपमध्ये काय दिसलं, हे मी सांगेन तेच खरं. भोवती उभ्या असलेल्या कुणालाच ते वाचता येत नाही. माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्या हातात हे असू नये.

भित्रा म्हणालो ना — तेच सांगायचंय. कुठून सुरू करू?

काही वर्षांपूर्वी वरकुट्याला एका आबांचं शेततळं खोदायचं चाललं होतं. पेरूची बाग त्यांची. पाटाला आवर्तन सुटायच्या आत तळं खोदून, प्लास्टिकचा कागद अंथरून तयार हवं होतं. पाणी एकदा पुढं निघून गेलं की परत कधी येईल त्याचा भरवसा नाही. आणि नेमकं तेव्हाच पोकलेन अडलं. इंजिन सुरू, पण बकेट हलेना. मी जाऊन कोड वाचला. ऑपरेटरच्या सीटच्या डाव्या हाताला एक लाल दांडा असतो. उतरताना तो उचलायचा, म्हणजे लॉक लागतं — मग जॉयस्टिकला धक्का लागला तरी मशीन जागचं हलत नाही. त्या लॉकचा स्विच गेला होता. दांडा खाली असला तरी तो वरच आहे, असं मशीन धरून बसलं होतं.

नवा स्विच पुण्याहून यायचा होता. मशीनमालकाचे फोनवर फोन, आबा बांधावर उभे. मग मी काय केलं? आमच्यात म्हणतात तसं डायरेक्ट केलं. लॉकला एक वायर थेट जोडून दिली. आता दांडा वर असो की खाली, मशीन हलणारच.

असं बरेच जण करतात. पण ऑपरेटरला सांगून करतात. मी सांगितलं नाही. कारण ऑपरेटर दत्तू होता — साधा आरसा हलत असला तरी मशीन थांबवून आधी तो आवळणारा माणूस. त्याला कळलं असतं तर त्यानं किल्ली काढून खिशात टाकली असती आणि बोलणी मला बसली असती. म्हणून म्हणालो, "फॉल्ट काढलाय, चालव बिनधास्त." बिनधास्त! मला दुसरा शब्दसुद्धा सुचला नाही?

पुढचं आणखी वाईट आहे. स्विच आला — आणि माझ्या गाडीच्या डिकीत पडून राहिला. माळेगावला दुसरं काम होतं. वरकुट्याचं मशीन तर चाललंय, जाऊ की उद्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनमालकाचा फोन आला. दत्तू जेवायला उतरत होता. आबा कोपऱ्याचा उतार बघायला खड्ड्यात उतरलेले. डब्याच्या पिशवीचा बंद जॉयस्टिकला अडकला, बकेट फिरलं, आणि आबांचा पाय बकेट आणि मातीच्या मध्ये सापडला.

मी पोचलो तेव्हा सगळे त्यांना घेऊन इंदापूरला दवाखान्यात गेलेले. मशीन एकटंच उभं. माझी पाचावर धारण बसली होती. मनात पहिला विचार कुणाचा आला असेल? आबांचा नाही, दत्तूचाही नाही. वायरीचा आला. मी डिकीतून स्विच काढून बसवला, वायर उपटली, लॅपटॉप लावून जुने कोड पुसले. स्क्रू सारखा मातीत पडत होता. पण काम चोख केलं. इतकं चोख मी एरवी कधी करत नाही.

पंचनाम्यात दांडा खाली सापडला, म्हणजे लॉक न लावलेला. पोलिसांनी मलाच मशीन चालवून दाखवायला सांगितलं. सगळ्या गावासमोर दांडा वर केला — बकेट हललं नाही. खाली केला — हललं. दत्तू माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "मिस्त्री, मी दांडा उचलला हुता वो. तुमी तरी सांगा."

मी पोलिसांकडं बघून म्हणालो, "मशीनमधी काय फॉल्ट न्हाय."

आबांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दत्तूवर केस झाली, आणि त्याला परत कुणी मशीन दिलं नाही.

तेव्हापासून मी घाबरून जगतोय. अनोळखी नंबर आला की पहिल्यांदा उचलतच नाही. ट्रेलरवरून पोकलेन जाताना दिसलं की गाडी कडेला घेऊन बघत राहतो — तेच तर नसेल? वायर जोडताना मी सोललेली जागा अजून तिथंच असेल, सीटखाली. एखादा मिस्त्री कधीतरी तिथं बोट लावेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण त्या भीतीची आता सवय झालीय. परवापासून निराळीच भीती बसलीय.

परवा लोणी देवकरला एका कंपनीत लोडर बघायला गेलो. गेटवर वॉचमनच्या कपड्यात दत्तू. मागं फिरावंसं वाटलं, पण त्यानं बघितलं होतं. चहा मागवला त्यानं. मी तो घेतला — खाली मान घालून. तोच आपणहून बोलायला लागला.

"लई दिस म्हनत हुतो, मी दांडा उचलला म्हनून. आता वाटतं, न्हायच उचलला. इसरलो आसंन. मशीन कशाला खोटं बोलंल? सणासुदीला जातो आबांकडं, पाया पडून येतो."

गेटवर आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं — खरंच उघडलं — आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे दत्तू. मानसाकडनं चूक हुतीच."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी मनात धरलं न्हाय, लई झालं," म्हणाला.

वरकुट्याला त्या दुपारी मी पोकलेनच्या केबिनमध्ये चढलो, तेव्हा दांडा वर होता. खाली मी केला.