ब्रेकच्या जागी लिंबू

"मग बैलाचा कासराबी शेपटीलाच बांधा की," बनाबाई म्हणाली. "येसणीला काहून बांधता?"

तिचा नवरा मसाजी ओसरीवर पाय पसरून सोललेल्या गुडघ्यावर हळद चेपत होता. त्याने मान वर केली नाही.

"बैल येगळा, फटफटी येगळी. बैलाला अक्कल असती."

"व्हय. फटफटीला नसती, म्हणून चालवणाऱ्याला लागती."

हे भांडण काल संध्याकाळी सुरू झालं होतं आणि फक्त झोपेपुरतं थांबलं होतं. काल शुक्रवारी मसाजी औंढ्याच्या शाळेतून लेकीला, सिंधूला, गाडीवर मागे बसवून आणत होता. गावाअलीकडच्या नाल्याच्या उतारावर एक म्हैस आडवी आली. मसाजीने पायातला ब्रेक होता नव्हता तेवढ्या जोराने दाबला. मागचं चाक बांधून टाकल्यासारखं जाम झालं, पण गाडी थांबली नाही. न फिरणारं चाक तसंच घसरत राहिलं, गाडीची शेपूट फिरली आणि दोघांना घेऊन ती बाभळीच्या बुडाशी आडवी झाली. सिंधूचं कोपर फुटलं, परकर फाटला. म्हशीला काही झालं नाही, हे मसाजीने घरी आल्याआल्या सांगितलं, आणि नंतरही पुन्हा पुन्हा सांगितलं. जणू त्यात त्याचीच हुशारी होती.

गाडीला पुढचा ब्रेक नव्हता असं नाही. हँडलाला उजव्या हाताशी त्याची दांडी होती, पण दांडीतून चाकाकडे जाणारी वायर काढून टाकलेली होती. रिकाम्या दांडीला मसाजीने लिंबू-मिरची बांधली होती. शिरड शहापूरच्या आसपास तो रिवाजच पडला होता. मसाजीचा दोस्त नरसिंग पूर्वी नरसीच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबून हँडलावरून उडाला आणि समोरचे दात रस्त्यावर ठेवून आला. तेव्हापासून जो कोणी गाडी घेई, तो आधी पुढची वायर काढून घेई आणि मग नारळ फोडी. नरसिंगचं तोंड गावोगाव फिरत होतं. तो हसला की आणखी एक वायर निघे.

"पुढचं चाक धरलं की मागचं उडतं," मसाजी म्हणाला. "नरसिंगला इचार जाऊन."

"त्यायचं मागचं उडालं, तुमचं मागचं घसरलं. पडायचं दोघायनंबी सोडलं न्हाई."

अंगणात लिंबाजी, मसाजीचा बाप, बोकडाच्या खुरातला काटा काढत बसला होता. काटा निघाला, तसा तो बोलला.

"आता भांडून काय करता? पोरगी घरी बसवा. सातवी झाली, आठवीत चार महिने गेली, लई झालं. फटफटी बाजारापुरती ठेवा. बाप पडला तर पडला, लेकराला काहून पाडायचं?"

बनाबाईच्या हातातला झाडू थांबला. कालपासून तिला भीती होती ती याचीच. म्हातारा वाईट बोलत नव्हता, नातीवर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच त्याचं बोलणं खोडायला अवघड होतं. गावातली शाळा सातवीला संपत होती. एसटी यायची ती दुपारी, शाळा अर्धी झाल्यावर. औंढ्यात ठेवून घेणारं नातं नव्हतं. मसाजी बाजारांतून शेळ्या-करडं खरेदी करायचा, त्यासाठी ही जुनी फटफटी घेतलेली. तिच्या मागच्या सीटवर सिंधूची शाळा चालली होती. गाडी बंद म्हणजे शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणजे येत्या उन्हाळ्यात कुणीतरी कुंकू लावायला आलंच म्हणून समजा.

बनाबाई स्वतः शाळेचं तोंड पाहिलेली नव्हती. हट्ट्याकडच्या माहेरी भाऊ नव्हता, म्हणून बापाने तिलाच गाडीवर बसवली होती. कडब्याने भरलेली बैलगाडी ती पोरवयात एकटी हाकायची. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या बायका म्हणाल्या, सून आणली का गाडीवान? बहात्तरच्या दुष्काळात याच औंढ्याच्या रस्त्यावर तिने खडी फोडली. बोटांना चिंध्या बांधून दिवसभर हातोडा. पाच-सहा वर्षांची सिंधू त्याच नाल्यातल्या सावलीत खेळत असायची. त्या कामावर लेकरांना सुया टोचायला एक नर्सबाई सायकलवरून यायची. माणसांना नावाने कधी हाक न मारणारा मुकादम तिला बसायला स्वतःची लोखंडी पेटी सरकवायचा. बनाबाईने ते बघितलं आणि मनात ठेवून दिलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की घरात त्याच्यावर चर्चा होते.

आताही शाळेवरून भांडायचं नाही, हे तिने झाडू पुन्हा हलवता हलवता ठरवलं. शाळेवर भांडलं तर हरणार. ब्रेकवर भांडलं तर निदान मसाजी आपल्या बाजूला येईल, कारण पडला तोही होता.

सुनेने सासऱ्याशी तोंड देऊन बोलायचं नाही, असा त्या घरचा शिरस्ता. सासऱ्याला काही सांगायचं असलं की बनाबाई ते खुंट्याला बांधलेल्या शेळीला सांगायची. शेळी ऐकून घ्यायची आणि उत्तर लिंबाजी द्यायचा. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

"ए शेळे," बनाबाई पदर ओढून म्हणाली, "आधी गाडीचा ब्रेक बराबर करून बघू. पोरीचं काय ते मग बघू. घाईनं काहून बोलून राहिली तू?"

"शेळीला म्हणावं," लिंबाजी बोकडाला सोडत म्हणाला, "आधी नरसिंगचे दात बघून ये."

त्या दिवशी दुपारी बनाबाई पहिल्यांदा फटफटीवर बसली. औंढ्याला मिस्त्रीकडे जायचं, आणि मी संग येणार, असं तिने सांगितलं तेव्हा मसाजी म्हणाला, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, काल बाभळीखाली पडलेले बघून म्हणाले त्यापेक्षा बरंच म्हणतील.

उताराशी तिने गाडी थांबवायला लावली. डांबरावर कालचा काळा पट्टा तसाच होता. वरून सरळ निघालेला आणि शेवटाला बाभळीकडे वाकडा झालेला. ती त्या पट्ट्याच्या कडेकडेने पायी खाली गेली.

"इथं चाक फिरत नव्हतं व्हय?"

"न्हाई ना. पार जाम."

"जाम होतं, तर थांबलं काहून न्हाई?"

मसाजीने पट्ट्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याला कालपासून पडलाच नव्हता.

हिरासिंग मिस्त्रीचं दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक कडुलिंबाचं झाड. आत खिळ्याला पुढच्या ब्रेकच्या वायरींचा जुडगा लटकत होता, वाळत घातलेल्या गवारीसारखा.

"ह्या कशाच्या?" बनाबाईने विचारलं.

"तुमच्याच गावाकडच्या, भाभी," हिरासिंग म्हणाला. "कोणी गाडी आणली की पहिले ये निकालो. मसाजीभाऊची पण ह्यातच आहे. लावतो मी. पण हे आठ दिवसांत काढायला येतील, लिहून घ्या."

"लोक पडत्यात म्हणून काढत्यात."

"पडतात, खरं आहे. डर लागला की माणूस दांडी अशी धरतो," त्याने मूठ आवळून दाखवली, "चोराची गचांडी धरावी तशी. मग चाक अडकतं, आणि अडकलेलं चाक कुणाचं ऐकत नाही. पुढचं असो, मागचं असो."

वायर बसल्यावर त्याने गाडीखाली दगड देऊन पुढचं चाक अधांतरी केलं, हाताने जोरात फिरवलं आणि बनाबाईला दांडी दाबायला सांगितली. तिने कचकन दाबली. चाक खटकन उभं राहिलं आणि सगळी गाडी दगडावर हलली. त्याने पुन्हा फिरवलं. या वेळी तिने हळू दाबली, जरा सोडली, पुन्हा दाबली. चाक कुरकुरत, पण सरळ, मुकाट्याने थांबलं.

तिने आणखी एकदा फिरवायला लावलं. मग नवऱ्याकडे वळली.

"भरली गाडी उतारावरून आणताना कासरा कसा धरता तुमी?"

"कसा म्हणजे? ओढायचा, जरा ढिला सोडायचा, परत ओढायचा."

"ताणूनच धरला तर?"

"तर बैलाचे खूर घसरत्यात. पाय टेकवायला जागा नको का त्याला?" मसाजी बोलता बोलता थांबला. त्याने चाकाकडे बघितलं. "हां," तो म्हणाला.

"दोन्ही ब्रेक संग मारायचे," हिरासिंग हात पुसत म्हणाला. "पुढचा जास्त काम करतो, सगळं वजन पुढे येतं ना. हँडल सरळ पाहिजे. आणि मोकळ्या खडीवर पुढच्याला हात नका लावू, आधीच हळू जा. मी खोटं नाही सांगणार."

संध्याकाळी मसाजीने खळ्यात सराव केला. आजूबाजूची माणसं जमलीच. पहिल्याच फेरीला, इतक्या लोकांनी बघितल्यामुळे असेल, त्याने दांडी गचकन आवळली. पुढचं चाक मातीत वळलं आणि मसाजी गाडीसकट कुशीवर पडला. लागलं काही नाही, धूळ खूप उडाली. नरसिंगही आला होता. तो हसला, आणि सगळ्यांना त्याचं तोंड पुन्हा एकदा दिसलं.

"शेळीला म्हणावं, बघितलंस का," लिंबाजी म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

सिंधू बनाबाईच्या शेजारी हाताला फडकं बांधून उभी होती. ती जाणाऱ्या आजोबाकडे बघत राहिली. पोरगी रडली असती तर बनाबाईला सोपं गेलं असतं.

ती खळ्यात गेली, कपडे झाडणाऱ्या नवऱ्याजवळ उभी राहिली आणि त्यालाच ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "असा कासरा ओढला असता तर माझ्या बापानं तुमाला पोरगी दिली नसती."

मसाजी गाडीवर बसला. दिवस मावळेपर्यंत तो फेऱ्या मारत होता. बघणारे कंटाळून निघून गेले, मग त्याचा हात जास्तच चांगला बसला. ओढ, सोड, ओढ. रविवारी सकाळी उठून पुन्हा तेच.

रविवारी दुपारी बनाबाई म्हणाली, "आता उतारावर चला. मागं मी बसते."

"रिकामी गाडी नेऊन बघतो की आधी."

"रिकामी नेऊन काय कळंल? पोरगी काय रिकामी असती?"

बोलताना आवाज ठाम होता. बसल्यावर मात्र तिने सीटखालची कडी दोन्ही हातांनी धरली. नाल्याच्या काठाला लिंबाजी शेळ्या चारत उभा होता. त्याला बघून तिने पदर पुढे ओढायचा विचार केला, पण हात सोडवेना. ते तसंच राहिलं.

"त्या पट्ट्याच्या सुरुवातीला आलं की दाबा," ती मसाजीच्या कानाशी म्हणाली. "म्हैस आली समजा."

गाडी उताराला लागली. परवा ज्या वेगाने आला होता तोच वेग मसाजीने ठेवला, त्यात चोरी केली नाही. पट्टा आला. बनाबाईला वाटलं आपण नवऱ्याच्या पाठीतून पलीकडे निघणार. गाडीचं नाक खाली दबलं, मागचं चाक किंचित हललं. मसाजीच्या मनगटाच्या शिरा तिला दिसल्या, आवळलेल्या, ढिल्या झालेल्या, पुन्हा आवळलेल्या. आणि गाडी उभी राहिली. सरळ. बाभळ अजून पार पुढे होती.

बनाबाई उतरली. पातळ नीट करायच्या निमित्ताने ती थोडी वाकून उभी राहिली.

लिंबाजी शेळ्या सोडून रस्त्यावर आला. त्याने गाडीचं चाक बघितलं. मग काठी टेकत काळ्या पट्ट्यावरून शेवटपर्यंत चालत गेला, बाभळीशी थांबला आणि मागे वळून गाडी किती लांब राहिली ते बघितलं. परत आल्यावर त्याने एकच विचारलं, तेही रस्त्याकडे बघून.

"अन् पुलापल्याडचा खडीचा तुकडा?"

मसाजीने बायकोकडे बघितलं. पुलापलीकडे रस्ता उकरून नवी खडी पसरली होती, अजून दाबली नव्हती. मोकळ्या खडीवर पुढच्या ब्रेकला हात लावू नका, असं हिरासिंगनेही सांगितलं होतं. म्हाताऱ्याने नेमकं दुखरं ठिकाण धरलं होतं. ज्याचं उत्तर तयार नाही त्यावर बोलायची बनाबाईला सवय नव्हती. जवळ शेळी असली, तरीसुद्धा.

घरी येऊन तिने चूल पेटवली. पीठ मळताना, भाकरी थापताना तिच्या डोक्यात ती खडी होती. खडी नवी, पण रस्ता तिच्या ओळखीचा. दुष्काळात खडी फोडताना तिने हजारदा तो तुकडा अनवाणी ओलांडला होता, डोक्यावर पाटी घेऊन. कुणी पडलं नव्हतं. पडतात ती चाकं.

सगळे जेवायला बसले. मसाजी पहिला घास घेऊन म्हणाला, "मला वाटतं, दोन-चार दिवस जाऊ द्यावे, मग..."

"पोरीच्या जिवाला..." लिंबाजीने सुरुवात केली.

बनाबाईने सासऱ्याच्या ताटात भाकरी वाढली. शेळी दाराबाहेर बांधलेली होती, पण बनाबाई तिकडे वळली नाही. पदर डोक्यावर होता तिथेच राहू दिला, आणि सासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"मामा, उद्या सिंधू शाळेत जाणार. खडीचा तुकडा आला की ती उतरून पायी चालंल, अन् हे गाडी हातानं ढकलत नेतील, जाताना बी, येताना बी. पुढच्या ब्रेकची वायर ह्या घरात कुणी काढायची न्हाई. लिंबू मागच्या दिव्याला बांधा."