जोड दाखव

फ्रान्समधल्या आमच्या आलाँसों गावात लेस करणाऱ्या बाईला कोणी नाव आधी विचारत नाही. तू कुठल्या टाक्याची, असं विचारतात. कोणी जाळी विणते, कोणी तिच्यात बसणारी फुलं भरते, कोणी फुलाच्या कडेत घोड्याचा केस घालून कड उठवते. मी धागे वेचणारी, म्हणजे अगदी तळाची. तयार तुकड्यात अडकलेले तुटके धागे चिमट्याने काढायचे, एवढंच माझं काम. आणि माझी शेजारीण आपोलीन ट्रुएल जोडणारी, म्हणजे सगळ्यांच्या वर. घरोघरचे वीतभर तुकडे तिच्याकडे यायचे आणि ती त्यांची अख्खी ओढणी करायची. जोड फुलाच्या कडेत असा लपवायची की व्यापारी भिंग लावून थकायचा.

तिला त्याचा तोरा होता. काम संपलं की मला हाक मारायची.

"पेरीन, जोड दाखव."

मी खिडकीपाशी नेऊन, उलटसुलट करून, नाक टेकवून पाहायचे. नाही सापडायचा.

"धागे वेचून वेचून डोळे गेले गं तुझे," ती म्हणायची. मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर मी त्या खेळाची वाट पाहायचे.

दुसरीच्या टाक्याला हात लावायचा नाही, हा आमचा रिवाज. आईचा टाका तोच मुलीचा. दुसरीचा शिकायचा म्हणजे तिच्या ताटातला घास उचलायचा. राज्यक्रांतीत हा रिवाज आमच्या मुळावर आला. पॅरिसच्या बायका छातीखाली फीत बांधून नुसत्या पांढऱ्या मलमलीत हिंडायला लागल्या, आतला परकर घालून वरचा विसरल्यासारख्या. लेस लावायला त्या झग्यात जागाच नव्हती. दहा-बारा वर्षं आम्ही लोकांची धुणी धुतली, आणि जी म्हातारी मेली तिचा टाका तिच्याबरोबर गेला. आपोलीनचा नवरा त्याच दिवसांत गेला. मागे राहिली एकुलती रोझाली. तिला जोडणारी करायचं आणि आपल्याच खिडकीत शेजारी बसवायचं, याच्यापुढे आपोलीनने कधी काही मागितलं नाही.

मग क्रांती ओसरून सम्राट आला आणि त्याच्या दरबाराला पुन्हा लेस हवीशी झाली. आमच्या व्यापाऱ्याला मोठ्या ओढणीचं काम मिळालं, म्हणून त्याने जुन्या बायका शोधायला घेतल्या. फुलांच्या सापडल्या, कडेच्या सापडल्या. बारीक जाळीची मात्र आमच्या भागात एकटी म्हातारी माथुरीन उरली होती, आणि तिचे हात थरथरायला लागले होते. एका सकाळी ती काठी टेकत आपोलीनकडे आली. मी तिथेच धागे वेचत बसले होते.

"तुझी पोर दे मला," माथुरीन म्हणाली. "हिवाळाभरात जाळी शिकवते. माझ्यामागे कोणी नाही."

"जोडणारीची पोर जाळी विणणार? उद्या म्हणशील, पेरीनसारखे धागे वेचायला बसव."

"रिवाज मलाही ठाऊक आहे, बाई. पण जाळीच नसली तर तू जोडणार काय?"

रोझाली हळूच म्हणाली, "आई, मला शिकायचंय."

"तू गप्प बस."

मी बोलायला हवं होतं. पण तिने माझ्या कामाला हिणवलं म्हणून मी घुश्शात होते. म्हटलं, जिरू दे हिची. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

हिवाळा सरता सरता, कार्निव्हलच्या आठवड्यात माथुरीन वारली. भरलेली फुलं पेटीत तशीच पडून राहिली. व्यापाऱ्याने इतरत्र चौकशी केली, शेवटी हात टेकले आणि पॅरिसहून यंत्रावर विणलेली जाळी आणवली. ती हातभर रुंद, सलग होती. जोडण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. आपोलीनने ती बोटांत धरली, काठापासून काठापर्यंत चाचपली आणि खाली ठेवली. फुलं त्या जाळीवर टाचायचं काम पॅरिसच्या कारखान्यात होणार होतं, आणि तिथे सुई येणाऱ्या पोरी हव्या होत्या.

रोझाली व्यापाऱ्याच्या गाडीत बसून गेली.

तिची दोन पत्रं आली, ती मीच वाचून दाखवली. तिसरं कारखान्याच्या मालकिणीचं होतं. मुलगी दिसायला नीटस, म्हणून गिऱ्हाइकांसमोर नवे झगे घालून उभी राहायची. जानेवारीत, उघड्या हातांनी, त्या मलमलीत. छातीत सर्दी भरली. पॅरिसमध्ये त्याला मलमलीचा ताप म्हणतात, असं मालकिणीने लिहिलं होतं. आम्हाला कळेपर्यंत तिला पुरलंही होतं.

आपोलीन रडली नाही. मला म्हणाली, "जाळी शिकली असती तर इथे बसली असती." मी मान खाली घातली.

रोझालीच्या लग्नासाठी तिने एक टोपी करून ठेवली होती. खानदानी आलाँसों लेसची, चौदा तुकड्यांची. त्या वसंतात मी तिच्याकडे गेले तर ती वस्तऱ्याने तीच टोपी जोडांवर उसवत होती. जोड कुठे आहेत हे जगात फक्त तिलाच ठाऊक होतं. चौदा तुकडे सुटे झाले की ती ते पुन्हा जोडायला घ्यायची, टोपी पूर्ण झाली की पुन्हा उसवायची. करायला दुसरं काही उरलंच नव्हतं. वर्षभर हे चाललं. दर वेळी कडेचा थोडा धागा जायचा, फुलं झिजायची. मी थांबवायला गेले की म्हणायची, "या वेळी नीट होईल."

ईस्टरनंतरच्या एका दुपारी तिने भिंतीवर थाप मारली. मी गेले. टोपी मांडीवर होती.

"पेरीन, जोड दाखव."

जोड दारातूनच दिसत होते, सगळेच्या सगळे. कपड्याला ठिगळं लावावीत तसे. मी टोपी हातात घेतली आणि म्हटलं, "नाही गं सापडत."

तिने माझ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू शोधलाच नाहीस," ती म्हणाली.

मग टोपी माझ्या हातातून काढून घेतली, घडी करून मांडीवर ठेवली आणि सुई खिडकीबाहेर टाकून दिली.