वेशीबाहेरचा नारळ

श्यामलाचा निबंध नापास होऊन परत आला तो मंगळवारी दुपारी, ऐन डबा खाताना. सिडनीतल्या वेस्टमीडच्या हॉस्पिटलात, रक्तपेढीच्या लॅबमध्ये ती अठरा वर्षं काम करते. डब्यात भाकरीच असते. ब्रेडवर दुपार निघत नाही, असं तिचं स्वच्छ मत आहे. एका हातात भाकरीचा घास, दुसऱ्या हातात फोन. मेल उघडली आणि घास तसाच राहिला.

पुन्हा लिहा, म्हणून आलं होतं. मुदत चौदा दिवस.

आता पन्नाशीला टेकलेल्या बाईला निबंध कशाला लागतो, असं कुणी म्हणेल. श्यामला सातारा जिल्ह्यातल्या जांभूळखिंडीची. बारावीला तिला वाङ्मय घेऊन कॉलेजात जायचं होतं. बाप म्हणाला, "गोष्टी वाचून चूल पेटत न्हाय." मग लॅबचा कोर्स केला, नोकरी धरली, लग्न केलं, सिडनीला आली. चूल चांगली पेटली. पण तो राहिलेला घास घशात होताच. पोरगी हायस्कूलला गेली तशी बाईनं युनिव्हर्सिटीत नाव घातलं. शिफ्टा सांभाळून एकेक विषय करत आठ वर्षं काढली. आता हा शेवटचा विषय. हा निघाला की पदवी, नाहीतर पुढच्या वर्षी हाच विषय पुन्हा पहिल्यापासून.

विषय होता पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कादंबऱ्यांचा. तिनं चार वाचल्या, पेन्सिलीनं खुणा करकरून वाचल्या. सगळ्यांत एकच दुखणं. पोरं वाजतगाजत लढाईला जातात. पराक्रम, देश, धर्म असले जाडजूड शब्द बरोबर बांधून नेतात आणि येताना ते शब्द खंदकाच्या चिखलात टाकून येतात. मग कुणी परक्या शहरात दारू ढोसत बसतो, कुणी आपल्याच गावात पाहुण्यासारखा वागतो. कुणी जेवायला बोलावलं तरी त्यांना वाटतं, ही माणसं कुठली भाषा बोलतायत!

वाचता वाचता श्यामलाला आपला पणजा आठवला. गेनूबा.

गेनूबा त्याच लढाईत होता, इराकात, बसऱ्याकडं. बंदूकवाला नव्हे, खेचरं हाकणारा. जांभूळखिंडीच्या चावडीला सरकारनं बसवलेला दगड अजून आहे: 'या गावातून महायुद्धाला सदतीस माणसं गेली, पैकी पाच जणांनी प्राण दिले.' आकडा आहे, नाव एकाचंही नाही. परत आलेल्यांच्या घरांना गावानं मान दिला. चैत्रातल्या जत्रेत भैरोबाच्या पालखीपुढं पहिला नारळ त्यांनी फोडायचा. गेनूबानं तो एकदाच फोडला. पुढच्या वर्षापासून मेला तोवर हात लावला नाही. जत्रेदिवशी गावाबाहेर जाऊन उभा राहायचा. घरात सगळे एकच सांगायचे, लढाईनं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो मेल्यावर घरानं मान पुन्हा घेतला. आता भावकीतल्या पाच घरांत तो पाळीनं फिरतो. यंदाची पाळी श्यामलाच्या घरची. बाप गेला, भाऊ नाही, म्हणून तिच्या नावानं थोरले चुलते तात्या नारळ फोडणार होते.

निबंधाच्या शेवटची दोन पानं तिनं गेनूबावर लिहिली होती. हाही त्यातलाच, याचाही मोठ्या शब्दांवरचा विश्वास उडाला, असं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या दोन पानांवर शिकवणाऱ्या हेलनबाईंनी लाल रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं: 'हे तुम्हाला कसं माहीत? पणजोबांना कादंबरीचा सदरा घातलाय. तो त्यांच्या मापाचा आहे का?'

"सदरा म्हणे!" संध्याकाळी घरी श्यामला कांदा चिरताना म्हणाली. सुरी जरा जास्तच जोरात चालली होती. "माझा पणजा, माझं गाव, आणि माप ही काढणार."

नवरा दत्तप्रसाद पुण्याचा, कॉम्प्युटरातला. त्याला प्रत्येक गोष्टीवर तोडगा दिसतो. "अगं, दोन पानं काढून टाक. बाकी निबंध तिला आवडलाय ना? पास होऊन मोकळी हो."

लेक निहारिका सोफ्यावरूनच म्हणाली, "येस मॉम, जस्ट कट हिम."

"कट हिम काय? भोपळा आहे का तो?"

"रिलॅक्स, मम्मा. ही इज डेड एनीवे."

दत्तप्रसाद हसला आणि बायकोचं तोंड बघून लगेच थांबला.

तसं दोघांचं खरं होतं. दोन पानं गेली असती तर पदवी हातात होती. श्यामलानं रात्री तेच ठरवलं होतं म्हणा ना.

पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्याची एक नळी आली. वॉर्डातनं घाईनं पाठवलेली. नळीवर एक नाव, सोबतच्या कागदावर दुसरं. वॉर्डाचा फोन आलाच: "पेशंट एकच आहे हो, तेवढं नाव खोडून घ्या ना." श्यामलानं अठरा वर्षांत हजारदा दिलेलं उत्तर दिलं. "नाही जमायचं. नळी फेकून देतेय. पेशंटकडं परत जा, नाव विचारा, रक्त नव्यानं काढा."

रक्तपेढीचा हा नियम आहे आणि तो कुणासाठी वाकत नाही. नळीवरचं नाव चुकलं तर नाव खोडायचं नसतं. कुणाचं रक्त कुणाला गेलं तर माणूस जातो.

नळी पिवळ्या डब्यात टाकताना तिचा हात मधेच थांबला. आपण काय केलं होतं? गेनूबाला कधी विचारलं होतं? घरच्यांनी चिकटवलेलं लेबल वाचलं आणि त्यावर कादंबरीतलं दुसरं चिकटवलं. आणि आता नळीच फेकायला निघालो. पण फेकल्यावर परत जायचं असतं.

शिफ्ट संपली, तशी तिनं कार पार्कमध्ये गाडीत बसूनच जांभूळखिंडीला फोन लावला. तिकडं दुपार होती. तात्या एक्याऐंशी वर्षांचे, कानानं पक्के, पण नको ते ऐकू न येण्याची कला अवगत.

"तात्या, गेनूबा नारळ का घेत नव्हता?"

"कोण? नारळाचं झाड? पडलं की ते गेल्या वर्साला."

"झाड न्हाय. तुमचा आजा. मान का सोडला त्येनं?"

"याडा हुता. लढाईनं डोस्कं फिरलं हुतं. सांगितलंय की तुला धा येळा."

"मग घर कसं चालवलं? चार पोरांची लग्नं केली, हिर खांदली. डोस्कं फिरलेला मानूस वर्साकाठी एकाच दिवशी याडा हुतो व्हय?"

मग, "शेरडं सुटली बघ," म्हणून तात्यांनी फोन ठेवला.

शेरडं तीन दिवस सुटलेलीच राहिली. श्यामला रोज फोन करायची. चौथ्या दिवशी तात्यांच्या सुनेनं उचलला आणि कुजबुजली, "वन्सं, दोन दिवस जेवणावर लक्ष न्हाय बघा त्यांचं. धरून ठिवा, देते." आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

"श्यामे, किती पिडशील?"

"तुमी सांगस्तवर."

तात्यांनी घसा साफ केला. "तू शाळंसाठी लिवनार. विंग्रजीत ना?"

"विंग्रजीत."

"मग ऐक. आज्याबरं आपल्या गावचा आनि एक गडी हुता खेचरांवर. केरबा. वेशीभायेरच्या वस्तीतला. नदीतनं खेचरं नेताना आज्याचं खेचार बुजलं. केरबानं उडी टाकली, खेचार काढलं आन आपुन गेला. आज्याच्या डोळ्याम्होरं. दगडावर पाच लिवल्यात न्हवं, त्यातला ह्यो येक. आजा म्हागारी आला, पयल्या वर्साला नारळ फोडला. दुसऱ्या वर्साला पालखीम्होरं हुबा ऱ्हाऊन म्हनला, मान लढाईचा आसंल तर पयला केरबाच्या घरला. त्यो मेलाय, म्या तर जित्ता हाय."

"मग?"

"मग काय? वेशीभायेरच्या घराला पालखीचा मान कोन देतंय त्या काळात? पंच म्हनले, याडा झालाय लढाईनं. याडा म्हनलं की भांडान मिटतं, बग. त्येच्याशी बोलाया लागत न्हाय. आजा मरस्तवर दर जत्रंला सोताच्या पदरचा नारळ घिऊन केरबाच्या उंबऱ्यावर फोडायचा. इकडं पालखीचं ढोल, तिकडं ह्यो येकला. चाळीस वर्सं. म्या बारका आस्ताना संगट जायाचो. खोबरं मिळायचं म्हनून."

"आन त्यो मेल्यावर तुमी मान परत घेतला."

"बानं घेतला. म्या गप बसलो. खोबरं तिकडं बी मिळायचं." तात्यांचा आवाज खाली गेला. "लाज वाटती म्हनून सांगत नव्हतो, झालं?"

श्यामलाला वाटलं होतं राग येईल. आला नाही. तिनं विचारलं, "केरबाच्या घरचं कोन हाय?"

"पणतू. कुमार. शाळंत मास्तर हाय. नंबर हाय माज्याकडं, इलेक्शनच्या टायमाला लागतोय."

कुमार मास्तरांना फोन लावायला तिला एक दिवस लागला. काय म्हणायचं? शंभर वर्षांनी नमुना मागायला आलेय? शेवटी तिनं मुद्दाम तात्यांचं काही न सांगता एवढंच विचारलं, "तुमच्या घरात गेनूबा नाव कुणी ऐकलंय का?" दुसऱ्याच्या तोंडी आपलं उत्तर घालायचं नाही, हीही लॅबचीच शिस्त.

पलीकडं मास्तर हसले. "ऐकलंय का म्हणजे? जत्रेदिवशी आमच्याकडं उंबऱ्यावर नारळ फुटतो तो त्यांच्या नावानं. ते गेल्यापासून आम्हीच फोडतो. आजी सांगायची, खेचरवाला आला नाही म्हणून नारळ राहू नये." मग नदी, बुजलेलं खेचर, पालखीपुढचं बोलणं, सगळं त्यांनी आपण होऊन सांगितलं. एक गोष्ट मात्र जास्तीची होती. "गेनूबा फोडताना म्हणायचे, पुढच्या वर्षी गाव घेऊन येतो. दर वर्षी म्हणायचे."

श्यामलानं गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पुढच्या वर्षी! चाळीस वर्षं!

उरलेले सात दिवस तिनं शिफ्टवरून येऊन लिहिलं. जेवण दत्तप्रसादनं केलं. त्याच्या हातची खिचडी सात दिवस खाणं हेही एक तप आहे. जुनी दोन पानं तिनं खोडली नाहीत, फेकली. नवी पाच लिहिली. दोन घरं, एकमेकांशी न बोलता एकच हकिगत सांगणारी, हा पुरावा आधी मांडला. मग लिहिलं: माझी चूक झाली होती. त्या कादंबऱ्यांतल्या पोरांना शब्द पोकळ निघाले म्हणून त्यांनी पाठ फिरवली. त्यांना जायला बोट होती, परकी शहरं होती. गेनूबाला जायला फक्त वेस होती. त्यानं 'मान' हा शब्द टाकला नाही, घट्ट धरला आणि गावाला म्हणाला, खरा करून दाखवा. विश्वास उडालेला माणूस गावाला परवडतो. विश्वास धरून बसलेला जड जातो.

आणि तिनं कादंबऱ्या पुन्हा उघडल्या तेव्हा एक नवीनच दिसलं. तिथंही गावं तेच करत होती. ज्याचं ऐकायचं नाही, त्याला म्हणायचं, लढाईनं बिघडवलं बिचाऱ्याला. निराशा त्या पोरांची होती, पण लेबल गावांनी लावलेलं. हे तिनं पेन्सिलीच्या खुणांसकट पानापानावरनं दाखवून दिलं.

तेराव्या दिवशी निबंध पाठवला. निहारिकानं पाठवायच्या आधी वाचला आणि म्हणाली, "मॉम, यू कान्ट कट हिम नाऊ."

"तेच म्हणत होते मी."

तीन आठवड्यांनी निकाल आला. पास. फार वरचे गुण नाहीत; इंग्रजी जरा खडबडीत, असा शेरा. खाली हेलनबाईंची एक ओळ: 'आता पणजोबा कादंबरीत बसत नाहीत. उत्तम.'

पण जत्रा त्याच्या आधी आली. आणि निबंध पाठवला त्याच संध्याकाळी श्यामलानं तात्यांना फोन केला होता.

"तात्या, यंदाची पाळी माझी. नारळ माझ्या नावाचा. त्यो केरबाच्या उंबऱ्यावर फोडायचा. पालखी थांबवून."

"तू म्हनलीस विंग्रजीत लिवनार!"

"लिवलं. आता मराठीत करायचं."

"गाव उठंल, श्यामे."

"उठू दे. तुमच्या आज्यानं येकट्यानं केलं, तुमच्याबरं म्या हाय."

"तू सिडनीत हायस!"

"फोनवर हाय. तुमी व्हय म्हनस्तवर ठेवत न्हाय."

जत्रेदिवशी दुपारी तिला कुमार मास्तरांनी फोटो पाठवला. उंबऱ्यावर नारळाची दोन शकलं, बाजूला काठी टेकून तात्या, तोंड कडू काढा प्याल्यासारखं. मागं, वेशीत, पालखी थांबलेली. पालखीपाशी माणसं तावातावानं हात करतायत.

मग तात्यांचा फोन आला. "धा मिनिटं थांबली पालखी. दोघं भाऊ बोलत न्हाईत माज्याशी. सरपंच म्हनला, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय."

"हे तर घराण्यातच हाय."

तात्या खोकले, हसलेही असतील. "मास्तरच्या आईनं च्या केला. ग्वाड हुता लई." मग म्हणाले, "पर पुढच्या वर्साला पाळी सदाच्या घरची. त्यो न्हाय करायचा आसलं काय."

श्यामलानं पेन घेतलं.

"सदाचा नंबर द्या."