फरशीच्या कंपनीत आईचा प्रश्न

परवा कारेगावात एका नव्या बिल्डिंगपाशी फरशी कापल्याचा ओला, मातकट वास आला आणि आईची ती सभा आठवली. दौंडच्या घरात बसवलेली गुळगुळीत फरशी तिला इतकी आवडली होती, की पेन्शनमधून तिनं त्याच कंपनीचे थोडे शेअर घेतले. पुढं त्याच फरशीवर घसरून तिचा हात मोडला. कंपनीची वार्षिक सभा मोबाइलवर होती आणि शेअरवाल्यांना बोलता येतं हे कळल्यावर तिनं मला नाव नोंदवायला लावलं. बाकीचे नफ्याबद्दल बोलले. आईची पाळी आली, तसा मला घाम फुटला. प्लॅस्टरमधला हात पुढं धरून ती म्हणाली, "साहेब, फरशी देखणी हाय, पर वली झाली की पाय ठरत न्हाई. म्हाताऱ्यांनी चालायचं कसं?" अध्यक्षांनी विचारलं, "आई, हात कसा आहे आता?" "हात बसंल. तुमी फरशीचं सांगा." न घसरणारी फरशी वेगळी असते, ते इथून पुढं खोक्यावरच ठळक छापू, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. सभा संपल्यावर मी म्हटलं, "आता विकून टाक ते शेअर." "इकले तर पुढल्या साली इचारायचं कुणी?" आई आता नाही. शेअर माझ्या नावावर आलेत. यंदाच्या सभेत बोलायला मी पहिल्यांदाच नाव दिलंय.