चौथ्या नंबरची करुणा

आमच्या शेजारची करुणा चालते तशी चालणारी बाई मेलबर्नच्या या अख्ख्या टार्निट उपनगरात दुसरी नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही. पहाटे तळ्याकाठच्या वाटेवर ती निघाली की कंबर एका बाजूला, खांदे दुसऱ्या बाजूला, आणि कोपरं अशी हलतात की शेजारून जाणाऱ्याने जपून राहावं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला घाईची लागली आहे आणि घर सापडत नाहीये. आमच्या इस्टेटमधली घरंही सगळी एका साच्यातली, त्यामुळे शंका अगदीच वेडी नव्हती. एकदा एका ट्रेडीने, म्हणजे इथल्या प्लंबर-सुतारापैकी कोणीतरी, आपली यूट गाडी थांबवून विचारलं, "यू राइट, लव्ह?" करुणाने न थांबता अंगठा दाखवला. तो माणूस ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

शेवटी मी कुंपणावरून विचारलंच. कलरबॉन्डचं, म्हणजे पत्र्याचं कुंपण उंच असतं, पण माझं एक स्टूल तिथे कायमचं मुक्कामाला आहे.

"करुणा, हे नक्की काय असतं गं?"

"चालण्याची शर्यत, सुनेत्राताई. रेस वॉकिंग."

"चालण्याचीसुद्धा शर्यत असते? मग आमचे प्रतापराव सोफ्यावरून जेवणाच्या टेबलापर्यंत जातात, त्याला काय म्हणायचं?"

"डिस्क्वालिफाय," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालू लागली.

त्या दिवसापासून माझं तिच्याशी जमलं.

करुणा मूळची अकोल्याची. इथे एका एज्ड केअरमध्ये नोकरी करते. तिथल्या म्हाताऱ्यांना ती हाताला धरून चालवते, आणि नवरा विराज म्हणतो की त्यातल्या दोघांची कंबर आता तिच्यासारखीच हलायला लागली आहे. तिला चालायला शिकवलं ते शाळेतल्या पीटीच्या भास्कर सरांनी. या शर्यतीचे नियम दोनच. एक तरी पाय सतत जमिनीला टेकलेला हवा आणि पुढे पडणाऱ्या पायाचा गुडघा सरळ हवा. वाटेवर पंच उभे असतात. पाय सुटतोय असं वाटलं की पिवळी पाटी दाखवतात, खरंच सुटला तर लाल कार्ड लिहून पाठवतात, आणि तीन पंचांची लाल कार्डं झाली की घरी. सर खोक्याचे पुठ्ठे कापून, पिवळे रंगवून पाट्या करायचे. पोरीचा पाय सुटतो का ते दिसावं म्हणून भर रस्त्यात पोटावर आडवे पडायचे. एकदा लोकांनी त्यांना चक्कर आली समजून कांदा हुंगायला दिला होता.

अशी ही पोरगी चालत चालत भारताच्या जर्सीपर्यंत पोचली. आशिया पातळीच्या एका मोठ्या स्पर्धेत उतरली आणि चौथी आली. आता चौथ्याला कोण विचारतं? तिसरीला पदक, फोटो, झेंडा. चौथीला, "अरेरे, थोडक्यात हुकलं." पुढे लग्न झालं, व्हिसा झाला, टार्निट झालं. बूट तेवढे तिने सोडले नाहीत.

आणि मग इतक्या वर्षांनी तिला मेल आला की तू तिसरी आहेस.

जी तिसरी आली होती ती मुलगी एका मोठ्या देशाची. देशाचं नाव मी घेत नाही. त्यांचे वकील टार्निटला आले तर माझ्याकडे कप पुरणार नाहीत. खेळाडूंच्या लघवीचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात आणि नवी यंत्रं आली की पुन्हा तपासतात. तसे तपासले, तर तिच्या बाटलीत औषध निघालं. नुसतं तिच्याच नाही. त्या देशाचे धावणारे, पोहणारे, वजन उचलणारे, सगळ्यांच्या बाटल्यांत तेच औषध, त्याच मापाचं. एकाच स्वयंपाकघरातली आमटी. आणि ते स्वयंपाकघर सरकारचं. त्या वर्षी त्यांच्या थोर नेत्याच्या सत्तेला कितीतरी वर्षं पुरी होत होती, दुकानांत पावासाठी रांगा होत्या आणि लोक कुरकुरायला लागले होते. अशा वेळी पदकं मिळवून राष्ट्रगीत वाजायला लागतं. रोज वाजायला लागतं. मग लोक उभे राहतात, डोळे पुसतात आणि पावाचं थोडा वेळ विसरतात. एवढ्यासाठी पोरींच्या दंडात सुया.

मेल आला तेव्हा भास्कर सर मेलबर्नमध्येच होते. मुलाकडे, ग्लेन वेव्हर्लीला. ऐंशी ओलांडलेली, डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की आता लांबचा विमानप्रवास हा शेवटचा. सोमवारी परत जायचं तिकीट. आणि योग बघा, त्याच आठवड्यात स्पर्धेच्या संघटनेची परिषद मेलबर्नला होती. शनिवारी तिची मोठी मेजवानी. तिथेच करुणाला पदक द्यायचं ठरलं. सरांनी कळल्याबरोबर कोट घेतला. आयुष्यातला पहिला.

गुरुवारी संघटनेकडून शिवांगी नावाची मुलगी करुणाच्या घरी आली. कार्यक्रम आखणाऱ्या कंपनीतली, गोड, सिडनीच्या ब्लॅकटाउनला वाढलेली. मी साखर मागायला गेले होते. माझ्याकडे साखरेची दोन पाकिटं होती, ती गोष्ट वेगळी.

"करुणा, सो एक्सायटिंग," शिवांगी म्हणाली. "बस एक छोटीशी गोष्ट आहे. मेडलच्या आधी तू हे चार लाइन्स वाचशील? ओन्ली चार."

तिने फोन पुढे केला. त्यात लिहिलं होतं की एका खेळाडूच्या वैयक्तिक चुकीमुळे हा सन्मान मिळायला उशीर झाला, आणि त्या देशाच्या सरकारने चौकशीत मोकळेपणाने सहकार्य केलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"वैयक्तिक चूक?" करुणा म्हणाली.

"ते त्यांचं वर्डिंग आहे. यू नो, पुढचे गेम्स त्यांना होस्ट करायचे आहेत, या परिषदेतच व्होट आहे. सो सगळं पॉझिटिव्ह ठेवायचं. आणि मेडल त्यांचे उपमंत्री स्वतः तुझ्या गळ्यात घालणार. लव्हली जेश्चर, ना?"

"आणि मी हे वाचलं नाही तर?"

"मग स्टेजवर नाही होणार. मेडल प्रोसेसने येईल. पोस्टाने. नो वरीज."

"कधी?"

"प्रोसेस आहे," शिवांगी म्हणाली आणि उपमंत्र्यांचा फोटो दाखवला. करुणा तो फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, "मी विचार करते."

शिवांगीची गाडी वळली आणि मी तोंड उघडलं. "अगं, वाच की. चार ओळी तर आहेत. याहून जास्त खोटं मी रोज ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते. सर समोर बसलेले असतील, गळ्यात पदक पडेल. आपल्याला काय करायचंय त्यांच्या राजकारणाशी?"

करुणाने चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली.

शर्यतीनंतर तपासणीसाठी ती आणि तिसरी आलेली ती मुलगी एकाच खोलीत बसल्या होत्या. इतकं चालून अंगातलं पाणी संपलेलं, दोघींनाही लघवी होईना. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत, एकमेकींकडे बघून हसत, कितीतरी वेळ. ती मुलगी असेल एकोणीस वर्षांची. तिने आपल्या पिशवीतला कंगवा करुणाला दिला. करुणाने तिला चिक्की दिली. मोडक्या इंग्रजीत मुलीने विचारलं, तू आता घरी जाणार का? करुणा म्हणाली, हो. मुलगी म्हणाली, आम्हाला नाही सोडत. मग बाही वर केली. दंडावर सुयांच्या खुणा, तीळ उठावेत तशा. व्हिटॅमिन, ती म्हणाली. नाही घेतलं तर आईचं राहतं घर काढून घेतील. तेवढ्यात दारात ट्रॅकसूट घातलेला एक माणूस आला. त्याने नुसतं बघितलं, आणि मुलीने बाही खाली केली.

"तो माणूस," करुणा म्हणाली, "आत्ता फोनमध्ये होता. तेव्हा त्यांच्या संघाचा प्रमुख होता. आता उपमंत्री आहे."

चहा उतू गेला. आम्ही दोघींनीही गॅस बंद केला नाही.

"त्या पोरीवर आठ वर्षांची बंदी आलीय, ताई. त्यांच्या टीव्हीवर तिच्याकडून वदवून घेतलं, मी एकटीने केलं म्हणून. आता तेच माझ्याकडूनही वदवायचं?"

"मग जाऊच नकोस."

"सरांनी कोट घेतलाय," ती म्हणाली. "आणि त्यांना यातलं काही सांगायचं नाही. शपथ आहे तुम्हाला."

माझ्यासारखीला शपथ घालणं म्हणजे मांजराला दुधावर बसवणं. पण मी बोलले नाही. पहिल्यांदाच.

शनिवारी संध्याकाळी आम्ही यारा नदीकाठच्या हॉटेलात गेलो. करुणा निळ्या साडीत, विराज टायशी झुंजत, आणि सर कोटाला जुना पंचाचा बिल्ला लावून. आमचं टेबल सगळ्यात मागे, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. प्रत्येक ताटाचा वास आधी आम्हाला यायचा आणि ताट सगळ्यात शेवटी.

मी शिवांगीला विचारून घेतलं होतं की आधी पदक की आधी भाषण. आधी भाषण. हुशार लोक आहेत. उपमंत्री स्टेजवर उभा, गुबगुबीत, चेहऱ्यावर साखरपुड्यातल्या मामासारखं हसू. शेजारी त्याचा दुभाषी. एका मुलीच्या हातात तबक, तबकात उघडी डबी. सरांनी फोन दोन्ही हातांनी धरून फोटोसाठी कधीचा उचलून ठेवला होता.

करुणाने कागद उलगडला. पहिली ओळ वाचली, सन्मान, आनंद वगैरे. मग कागदाची घडी घातली.

"पुढे लिहिलंय की ही एका खेळाडूची चूक होती," ती इंग्रजीत म्हणाली, आवाज अजिबात न चढवता. "ती नव्हती. ती मुलगी लहान होती आणि तिला नाही म्हणता येत नव्हतं. तिच्यावर पहारा ठेवणारा माणूस मी पाहिला आहे. आज तोच माझ्या गळ्यात पदक घालायला उभा आहे."

दुभाषी मधेच गप्प झाला. त्यामुळे उपमंत्री हसतच राहिला. त्याला वाटलं भाषण संपलं, त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकट्याच्या टाळ्या. मग दुभाषी त्याच्या कानाला लागला. मी माणसांचे चेहरे उतरताना पुष्कळ पाहिले आहेत, पण असा, जिन्यावरून पिंप गडगडावं तसा, पाहिला नव्हता. मला तो आणखी बघायचा होता, पण कोणीतरी संगीत सुरू केलं आणि सूत्रसंचालकाने जाहीर केलं की डेझर्ट येत आहे.

तबकवाल्या मुलीच्या कानात एक सूटवाला काही पुटपुटला. तिने डबी मिटली आणि ती घेऊन सरळ आमच्या टेबलाजवळून स्वयंपाकघराच्या दाराने आत गेली. हात लांब केला असता तर डबी हाताला लागली असती. मी पाय थोडा पुढे काढलाही होता. पण पोरगी बिचारी पगारी, तिचा काय दोष? मी पाय मागे घेतला, आणि त्याची चुटपुट अजून जात नाही.

सरांना कमी ऐकू येतं, इंग्रजी त्याहून कमी कळतं. "काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं. मी सगळं मराठीत सांगितलं. शपथ स्टेजच्या आधीपुरती होती, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. सरांनी फोन खिशात ठेवला आणि उठले. "चला. इथलं गोड मला चालत नाही."

कारपार्कमध्ये करुणाचा बांध फुटला. "सर, तुम्हाला दाखवायचं होतं मला. एकदा तरी."

"काहून रडतं बाप्पा?" सर म्हणाले. "पाहिलं ना म्या. तू बोलत होती तवा म्या फक्त तुह्ये पाय पाहत होतो. जुनी सवय. एक डाव पाटी उचला लागली नाही."

मग कोटावरचा बिल्ला काढून त्यांनी तिच्या हातात दिला, आणि गाडीत पुढे बसून सीटबेल्ट कसा लावायचा म्हणून विराजशी भांडायला लागले. सोमवारी ते गेले.

पुढचं ऐका, म्हणजे माझ्यासारखंच तुमचंही रक्त खवळेल. मतदान झालं आणि पुढचे खेळ त्याच देशाला मिळाले. मेजवानीचा व्हिडिओ संघटनेने टाकला आहे, त्यात करुणाच्या जागी चॉकलेट केक दिसतो. उपमंत्र्याच्या पदातला उप गेला, आता तो पूर्ण मंत्री. त्या मुलीची बंदी चालूच आहे. आणि पदक? पोस्टाने आलेलं नाही. करुणा विचारते तेव्हा उत्तर येतं की प्रक्रिया सुरू आहे. इतकी वर्षं बाटल्या बर्फात सांभाळता येतात यांना, आणि एक डबी मेलबर्नच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आणता येत नाही.

करुणा पहाटे चालते. मी स्टूलवर चढून विचारते, "आलं का गं?" ती न थांबता मान हलवते आणि पुढे जाते, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. मी आता हसत नाही. तिचे पाय बघते.

शेजारधर्म म्हणून मीही दर महिन्याला संघटनेला एक मेल टाकते. पदकाचं त्यात काहीच विचारत नाही. मंत्रिमहोदयांच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांची तेवढी चौकशी करते, बरे आहेत ना म्हणून. त्या मेलला मात्र अजून एकदाही उत्तर आलेलं नाही, प्रक्रिया सुरू असल्याचंसुद्धा.