उजळ गूळ आणि गडमुडशिंगीला नेलेला पाहुणा

मागच्या हिवाळ्यात हुरड्यावर लिहिलं तेव्हापासून वाचक विचारताहेत, की कोल्हापूरकडं गुऱ्हाळ बघायला कधी जावं, कुठं जावं, पोरांना न्यावं का. सगळं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळी जा, पोरांना जरूर न्या. फक्त मी गेलो तसे जाऊ नका. नुसते रस्ते आणि मिसळ लिहून मोकळं व्हायचं ठरवलं होतं, दोनदा तसं लिहूनही झालं, पण वाचताना माझीच मला लाज वाटली. म्हणून आता जसं घडलं तसं.

माझा पोटापाण्याचा धंदा जुन्या वाचकांना माहीत आहे. पुण्यात एका ऑफिसात बसून मी जगाच्या शेतीचं पुढच्या दहा वर्षांचं भाकीत लिहितो. ब्राझील किती ऊस लावेल, चीन किती तेल खाईल, कोण कुणाला काय विकेल. आमच्या तक्त्यांत गुळाला स्वतःचा रकाना नाही, तो 'साखर व इतर' यातल्या 'इतर'मध्ये बसतो. मी मूळचा कोल्हापूरचा, सख्खी बहीण गुऱ्हाळाच्या घरात दिलेली, तरी हे मला कधी खटकलं नव्हतं.

हॉलंडहून यान नावाचे एक गृहस्थ आमच्या ऑफिसात साखरेचं भाकीत ऐकायला आले होते. त्यांची कंपनी तिकडच्या दुकानांना असला माल पुरवते. चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारलं, "काहीही न मिसळलेला गूळ कुठं बघायला मिळेल? चांगला असेल तर दरवर्षी घेऊ." मी लगेच म्हणालो, "माझ्या बहिणीकडं." ऑफिसात माझा भाव एकदम वधारला.

आक्काला अशा गिऱ्हाइकाची गरज होती. आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून बंद पडत होती, लोक ऊस कारखान्याला घालत होते. दाजींचंही तेच मत झालं होतं. यंदाचा हंगाम बघायचा, बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर उसाचा रस काढायचा चरक विकून टाकायचा, एवढ्यावर आक्कानं त्यांना थांबवून धरलं होतं. दिवाळीत मी गेलो तेव्हा जेवताना मीच मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, की पुढची दहा वर्षं बिनपावडरच्या मालाची आहेत, जग तिकडं चाललंय. दोघंही हातातला घास थांबवून ऐकत होती.

पावडर म्हणजे काय ते सांगायला हवं. गूळ मुळात तांबूस-काळसर निघतो. पण मार्केट यार्डात सौद्याला पिवळ्याधमक ढेपेलाच मान. लांबचे व्यापारी रंग बघून बोली लावतात. म्हणून उकळत्या रसात पांढरी पावडर टाकतात, हायड्रॉस म्हणतात तिला, की रंग उजळतो. घरी खायचा गूळ मात्र सगळे बिनपावडरचाच काढतात.

निघायच्या आदल्या दिवशी मी दाजींना फोन केला. "परदेशी पाहुणा आणतोय. गुऱ्हाळ झाडून घ्या, माणसं जरा बऱ्या कपड्यांत असू देत. आणि गूळ उजळ निघू दे, बघण्यासारखा. माझी लाज काढू नका." हे शेवटचं वाक्य मी हसत म्हणालो असलो तरी मनापासून म्हणालो होतो. गोऱ्या माणसापुढं काळी ढेप ठेवायची, तो फोटो काढणार, तो फोटो ऑफिसात फिरणार, हे सगळं मला डोळ्यांपुढं दिसत होतं. पाहुण्याला बिनपावडरचा माल हवाय, हे दाजींना तिथं गेल्यावर समजावून सांगू, असा माझा हिशेब.

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. रस्ता आता चार पदरी झालाय, खंबाटकी सोडली तर गाडी कुठं अडत नाही. टोल बरेच आहेत, सुटे पैसे हाताशी ठेवा. साताऱ्याच्या पुढं एका धाब्यावर पोहे खाल्ले, बरे होते, चहा पांचट. कऱ्हाडपासून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. यान खिडकीला नाक लावून बसले होते. पेठ वडगावचा फाटा गेला तसं ते म्हणाले, "एवढा ऊस, आणि तुमच्या अहवालात हा भाग एका ओळीत?" मी म्हणालो, "जागेची मर्यादा असते."

कोल्हापुरात शिरल्यावर त्यांना मिसळ खायची होती. मी नको म्हणालो. तिखट लागेल, टेबलं तेलकट असतात, लोक मोठमोठ्यानं ओरडत असतात. खरं तर त्यांना काही हरकत नव्हती, मलाच ते सगळं त्यांच्या नजरेनं दिसत होतं. तुम्ही मात्र जरूर खा, एस.टी. स्टँडजवळच्या गल्ल्यांत कुठंही, कट जादा मागून. राहायला स्टँडसमोर स्वस्त, स्वच्छ लॉज आहेत.

उचगाववरून गडमुडशिंगीकडं वळलं की रस्ता विचारायची गरज नाही, गोड धुराचा वास येतो. आक्काचं गुऱ्हाळ गावाच्या अलीकडं, रानात. आम्ही उतरलो तेव्हा दाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभे होते. चुलवाणात चिपाडं टाकणारा गडीसुद्धा टोपी घालून. आवाराला सडा घातलेला. आक्का पदर सावरत पुढं आली. ती गावातल्याच हायस्कूलात सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते, पण पाहुण्यासमोर बुजून मराठीतच बोलली. "या की पावणं, बसा. उन्हातनं आलायसा."

ताजा रस आला, आलं-लिंबू पिळलेला. यानना मी हळूच इंग्रजीत सांगितलं, "नको असेल तर राहू द्या, पाणी कसलं असेल सांगता येत नाही." ते दोन पेले प्यायले. आक्का तिथंच तांब्या धरून उभी होती. तिला इंग्रजी कळतं, हे मला दुसरा पेला संपल्यावर आठवलं.

मग काहीलीपाशी गेलो. काहील म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी थोरली कढई. गणपामामा तिथले गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारे. आक्काच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. भेंडीच्या ठेचलेल्या देठांचं पाणी टाकून ते मळी काढत होते, फावड्यानं ढवळत होते. घामाघूम, पण नव्या बनियनमध्ये. पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात ओतला, तसा यानच्या तोंडून उद्गार निघाला. गूळ हळदीसारखा पिवळा. सकाळपासून भरून ठेवलेल्या ढेपाही तशाच.

"इतका पिवळा कसा?" त्यांनी मला विचारलं. मी गणपामामांना विचारलं. मामांचा चेहरा खुलला. कोनाड्यातून त्यांनी पावडरची पिशवी काढली आणि सणाचा पदार्थ दाखवावा तशी पाहुण्यापुढं धरली. "पावण्यांच्यासाठी खास टाकलीया. दिवाळीपासनं बंद केलती आम्ही. यार्डात भाव पडला, तरी न्हाय टाकली. पर तुमचा फोन आलता न्हवं, गूळ उजळ पायजे म्हणून? मग आज काढली."

दिवाळीपासून बंद. माझ्या जेवतानाच्या बडबडीवर विश्वास ठेवून या माणसांनी काळी ढेप यार्डात नेली होती, कमी भाव घेतला होता आणि मला त्याबद्दल एका शब्दानं बोलली नव्हती.

यानचा चेहरा उतरला. "ही पावडर का टाकली? काय म्हणताहेत ते?"

उत्तर सोपं होतं. चूक माझी, पावडर फक्त आजच्या गुळात आहे, मागच्या ढेपा बघा. इतकंच म्हणायचं होतं. पण मग मी कोण ठरलो असतो? जगाला पुढची दहा वर्षं सांगणारा माणूस, आणि गिऱ्हाइकाची एकुलती एक अट धड पोचवू न शकलेला. माझ्या तोंडून निघालं, "ते म्हणताहेत, इकडं अशीच पद्धत आहे."

काहीलीच्या पलीकडं आक्का उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग यानकडं वळून सावकाश, वर्गात बोलते तसं म्हणाली, "येस सर. अवर कस्टम. अवर मिस्टेक." आणि लगेच मराठीत, "चला, पानं घेतल्यात."

गणपामामा पिशवी हातात धरून आमच्या तोंडाकडं बघत राहिले. आपलं काय चुकलं ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

जेवण उत्तम होतं, हे लिहायलाही जड जातंय. भाकरी, खर्डा, वांग्याचं भरीत, दही. जेवणाच्या शेवटी दाजींना रोज गुळाचा खडा लागतो. सवयीनं त्यांनी फडताळाकडं हात केला आणि आक्का थांबवायच्या आत वाटी बाहेर आली. घरचा गूळ, काळपट. माझ्या फोनमुळंच तो आत लपवला होता. यान म्हणाले, "मला मिळेल?" त्यांनी खडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणखी एक मागितला. मग मला विचारलं, "यात पावडर आहे?"

"नाही," मी म्हणालो. "हा घरचा."

"म्हणजे स्वतः खातात तो स्वच्छ, आणि विकतात त्यात पावडर?" त्यांनी रागानं विचारलं नाही. नुसती माहिती विचारावी तसं विचारलं.

ही दुसरी संधी होती. दिवाळीपासूनच्या, विकायच्या राहिलेल्या काळ्या ढेपा पलीकडच्या खोलीत असतील, दार उघडून दाखवता आल्या असत्या. मी पानातल्या खर्ड्याकडं बघत मान हलवली. आक्का भाकरी वाढायला वाकली होती. मग तिनं ती माझ्या पानात वाढली.

निघताना यानना तिनं नारळ आणि टॉवेल दिला. ते गाडीत बसल्यावर मला बाजूला घेतलं. घरच्या गुळाची लहान ढेप फडक्यात बांधून हातात ठेवली आणि म्हणाली, "सुध्या, पावण्याच्या म्होरं तुझी लाज राखली बघ मी. आता माझी कोण राखणार? माझ्या घराला दोन तोंडाचं ठरवून चाललाय त्यो."

"आक्का, मी त्यांना सांगतो वाटेत."

"सांग की. व्हय, सांग."

वाटेत नाही सांगितलं. किणीचा टोल आला, कऱ्हाड आलं, साताऱ्याच्या त्याच धाब्यावर पुन्हा तोच पांचट चहा घेतला. यान भारताबद्दल छान छान बोलत होते. पुण्यात उतरताना म्हणाले, "तुमच्या अहवालात हे घाला, की पारंपरिक उत्पादकांना दर्जाची जाणीव अजून कमी आहे." मी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

आठवडाभरानं मात्र धीर केला आणि त्यांना सगळं खरं कळवलं. फोन माझा, पिशवी माझ्यासाठी काढलेली, पद्धत वगैरे मी रचलेली. उत्तर सभ्य आलं. मनमोकळेपणाबद्दल आभार, पण यंदापुरता माल दुसऱ्या राज्यातून ठरला आहे, पुढं बघू. दर्जाच्या जाणिवेची ओळ मी अहवालातून काढली. तिच्या जागी काय घालायचं ते सुचलं नाही, म्हणून गूळ पुन्हा 'इतर'मध्ये गेला.

तर वाचकहो, गुऱ्हाळ बघायला जरूर जा. पैसे देऊ करू नका, राग येतो. रस देतील तेवढा प्या आणि पाण्याची चौकशी करू नका. जाण्याआधी फोन करून काही आवरायला सांगू नका. आक्काच्या गुऱ्हाळाचा पत्ता द्यायचं मात्र आता कारण उरलेलं नाही.

परवा बायको म्हणाली, तो गूळ संपत आला, फारच छान होता, आक्कांना कळव तरी. लावला फोन. तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "पावणं नीट पोचलं न्हवं त्यांच्या गावाला?" दोन महिने झाले होते. पोचले म्हणालो. त्यांना सगळं खरं कळवलं, हेही सांगितलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. मागं दाजींचा आवाज येत होता, कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. "हे बघ, चरक विकायला काढलाय ह्यांनी. काहीली पण. तुझी एवढी लांबलांबची वळख हाय, कुणी घेणारा ठावा असला तर सांग की."

मी म्हणालो, "बघतो."